लाल दिवा लागला, आता काय? एका स्थानिक फायबर सेवेच्या मराठी मदत-लेखांचं परीक्षण

घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलांपासून नौपाड्यातल्या जुन्या इमारतींपर्यंत घरगुती फायबर इंटरनेट देणाऱ्या ठाण्यातल्या एका स्थानिक सेवेने ग्राहकांसाठी मराठीत ११ मदत-लेख तयार केले आहेत. जोडणीच्या दिवशी एक छापील कार्डही हातात मिळतं. सेवेचा वेग, दर, बिलं यांबद्दल इथे काही नाही. परीक्षण आहे ते फक्त या लेखांचं आणि कार्डाचं, म्हणजे घरात इंटरनेट बंद पडल्यावर सामान्य माणूस ते वाचून स्वतः काही करू शकतो का, एवढ्याचंच.

निकाल आधी सांगून टाकतो. ११ पैकी ५ लेख आहेत तसे वापरावेत. ५ लेख दुरुस्त करावे लागतील. आणि ‘राउटर रीसेट कसा करावा’ हा लेख आजच्या आज काढून टाकावा, कारण तो वाचून चालू असलेली जोडणी बंद पडते.

तपासणीची पद्धत सोपी होती. एकाने लेख मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने फक्त ऐकलेलं करायचं. प्रश्न विचारायचा नाही, आपल्या माहितीने पोकळी भरायची नाही. हात जिथे थांबला तिथे लेखात खूण करायची. सूचना लिहिणाऱ्या प्रत्येकाने प्रकाशनाआधी हे एकदा करावं. लिहिताना डोळ्यांतून सुटलेल्या गोष्टी कान आणि हात लगेच पकडतात.

सगळ्यात चांगला लेख दिव्यांचा आहे. फायबरची तार जिथे येते त्या डब्यावर, म्हणजे ओएनटीवर, (काही घरांत राउटर याच डब्यात असतो, काही ठिकाणी वेगळा) चार-पाच दिवे असतात आणि तक्रारीचं निम्मं उत्तर तिथेच असतं. लेखात प्रत्येक दिव्यासाठी तीनच गोष्टी दिल्या आहेत: दिव्याखाली छापलेलं नाव, तो कसा दिसतोय, आणि मग काय करायचं. पॉन स्थिर हिरवा असेल तर डबा कंपनीच्या यंत्रणेशी जोडला गेला आहे. पॉन लुकलुकत असेल तर जोडणीचा प्रयत्न चालू आहे, पाच मिनिटं थांबा. एलओएस लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच पोचत नाही; वायफायच्या सेटिंगमध्ये हात घालू नका, त्याने काही होणार नाही. हे शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. बहुतेक मदत-लेख काय करायचं ते सांगतात, पण काय करून उपयोग नाही ते सांगत नाहीत, आणि माणूस अर्धा तास पासवर्ड बदलत बसतो.

या लेखात दिवा फक्त रंगाने ओळखायला सांगितलेला नाही, नाव आणि जागाही दिली आहे. लाल-हिरव्यात फरक न दिसणाऱ्यांना त्याचा उपयोग होतोच, पण अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलेल्या डब्यासमोर चष्मा नसलेल्या माणसालाही होतो. उणीव एकच: दिव्यांची मांडणी मॉडेलप्रमाणे बदलते आणि लेखात कोणतं मॉडेल गृहीत धरलंय ते लिहिलेलं नाही. डब्याच्या तळाच्या लेबलवर मॉडेल क्रमांक असतो. ‘हा लेख अमुक मॉडेलसाठी’ अशी एक ओळ शीर्षकाखाली टाकली की काम झालं.

आता रीसेटच्या लेखाकडे. त्याची मांडणी अशी आहे: पायरी १, राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून १० सेकंद दाबा. पायरी २, दिवे पुन्हा लागेपर्यंत थांबा. आणि त्याखाली लहान अक्षरांत टीप: असे केल्यास सर्व सेटिंग्ज नष्ट होतात.

वाचणाऱ्याने टीप वाचेपर्यंत टाचणी आत गेलेली असते. पायऱ्या लोक वाचून, समजून, मग करतात असं नसतं. एक ओळ वाचतात, करतात, पुढची ओळ वाचतात. म्हणून धोक्याची सूचना त्या पायरीच्या आधी आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात यायला हवी. इथला धोका तर खरोखरचा आहे. अनेक जोडण्यांमध्ये राउटरच्या आत ग्राहकाचं पीपीपीओई नाव (कंपनीच्या यंत्रणेत लॉगिन करायचं नाव), पासवर्ड आणि व्हीलॅनचा क्रमांक (कंपनीच्या जाळ्यातली वाट ठरवणारा) भरलेला असतो. रीसेट केल्यावर हे सगळं पुसलं जातं. वायफायचं नाव कारखान्यातलं मूळ नाव होतं, फोन जोडला जातो, पण इंटरनेट येत नाही. ही माहिती ग्राहकाकडे नसते, मग तंत्रज्ञ यायची वाट पाहणं आलं.

त्याच्या मुळाशी शब्दांचा घोळ आहे. ११ लेखांत रीस्टार्ट, रीबूट आणि रीसेट हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले सापडतात. पहिल्या दोघांचा अर्थ एकच: बंद करून पुन्हा चालू करणं, काही पुसलं जात नाही. तिसऱ्याचा अर्थ सगळं पुसून कारखान्यातल्या अवस्थेला नेणं. ग्राहकाच्या कानाला तिन्ही सारखेच वाटतात. उपाय असा की मराठीत ‘बंद करून चालू करा’ एवढंच लिहावं आणि ‘रीसेट’ हा शब्द फक्त तंत्रज्ञाच्या सूचनांसाठी राखून ठेवावा.

या लेखाच्या जागी पुढचा मजकूर टाकला तर फोनवरच्या तक्रारी नक्की कमी होतील. प्रत्येक पायरीत एकच कृती आहे, आणि कृतीनंतर डोळ्यांना काय दिसेल ते तिथेच आहे.

इंटरनेट बंद असेल तर राउटर बंद करून चालू करणे. लागणारा वेळ: ६ ते ७ मिनिटं. लागणारी वस्तू: काही नाही. मागच्या बारीक छिद्राला हात लावू नका. त्याने जोडणीची माहिती पुसली जाते.

१. भिंतीवरचं, राउटरच्या ॲडॉप्टरचं बटण बंद करा. राउटरवरचे सगळे दिवे विझतील. एखादा दिवा लागलेला राहिला, तर तुम्ही दुसऱ्याच वस्तूचं बटण बंद केलं आहे.

२. ३० सेकंद थांबा.

३. बटण चालू करा. आधी पॉवरचा दिवा लागेल.

४. ५ मिनिटं थांबा. या वेळात दिवे लुकलुकतील, ते ठीक आहे; पुन्हा बंद करू नका.

५. फायबरच्या डब्यावरचा पॉनचा दिवा पाहा. स्थिर हिरवा असेल तर फोनवर एखादं पान उघडून बघा. एलओएस लाल असेल तर इथेच थांबा आणि ‘लाल दिवा’ हा लेख उघडा.

चौथ्या पायरीतली ‘ते ठीक आहे’ ही तीन शब्दांची सोय कमी समजू नये. लुकलुकणारा दिवा पाहून माणूस घाबरतो, पुन्हा बटण बंद करतो, आणि राउटर कधीच पूर्ण सुरू होत नाही. पहिल्या पायरीतलं शेवटचं वाक्यही ठाण्याच्या घरांतून आलेलं आहे: टीव्हीच्या कपाटात एकाच एक्स्टेंशनवर सेट-टॉप बॉक्स, ओएनटी, वेगळा राउटर आणि इन्व्हर्टरची वायर असते. कुठला ॲडॉप्टर कशाचा हे कुणालाच पाठ नसतं. त्यातूनच एक दुखणं येतं ज्यावर ११ पैकी एकही लेख नाही. पिन सारखी दिसते म्हणून ९ व्होल्टचा ॲडॉप्टर १२ व्होल्टच्या राउटरला लावला जातो, किंवा १.५ अँपिअरच्या जागी ०.५ अँपिअरचा. दिवे लागतात, पण चार फोन जोडले की राउटर आपोआप बंद-चालू होत राहतो. ॲडॉप्टरवरचे ‘आउटपुट’ शेजारचे आकडे राउटरच्या लेबलशी जुळवून पाहा: व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. एवढा एक लेख लिहिला तर कितीतरी घरांतला त्रास मिटेल.

‘लाल दिवा’ या लेखाची भाषा सरकारी आहे आणि इथे भाषा थेट नुकसान करते. त्यात लिहिलंय की फायबर केबलची जोडणी तपासण्यात यावी. कुणी तपासायची? ग्राहकाने की तंत्रज्ञाने? ‘करण्यात यावे’ या रचनेत करणाराच गायब असतो. ज्याला वाटतं आपणच, तो हिरव्या टोकाची कॉर्ड ओढून काढतो, त्याच्या तोंडाला बोट लावतो, फुंकर मारतो, परत खुपसतो. बोटाचा तेलकटपणा त्या बारीक टोकावर बसला की सिग्नल आणखी घसरतो. घरचं काम असेल तिथे ‘तुम्ही पाहा’, ‘तुम्ही दाबा’ लिहावं. जे नसेल तिथे ‘हे तंत्रज्ञ करेल, तुम्ही करू नका’ असं स्वच्छ लिहावं. मराठीत ‘करा’ म्हणण्यात उद्धटपणा काही नाही. पाककृतीत ‘तेल तापवा’ वाचून कुणाला राग येत नाही.

ग्राहकाने स्वतः कराव्यात अशा इथे खरं तर दोनच गोष्टी आहेत. हिरवं टोक डब्यात नीट बसलंय का, हे न काढता आत हलकं दाबून पाहायचं. आणि सोफ्यामागे, कपाटामागे फायबर मोडल्यासारखी दुमडली आहे का ते बघायचं. लेखात ‘केबल जास्त वाकवू नये’ एवढंच आहे. जास्त म्हणजे किती? साध्या फायबरला वळणाची त्रिज्या ३० मिलिमीटरच्या खाली नेऊ नये असं मानतात, म्हणजे वेटोळं चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान नको. अलीकडे घरात वापरतात त्या वाकणाऱ्या फायबर याहून लहान वळण सहन करतात, पण आपल्याकडची कुठली हे ग्राहकाला कळत नाही, म्हणून कपाचं माप धरून चालावं. सोबत एक इशारा हवाच होता, तो नाही: निघालेल्या फायबरच्या टोकात डोळा घालून पाहू नका. आतला लेझर प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाही असं समजू नये.

याच लेखाच्या शेवटी थोड्या जाणकार वाचकासाठी प्रकाशाच्या पातळीचा आकडा पाहायला सांगितलंय आणि म्हटलंय, पातळी उणे २७ पेक्षा कमी असल्यास तक्रार नोंदवावी. गणिताच्या दृष्टीने बरोबर. पण पानावर उणे ३० दिसलं की वाचणारा म्हणतो, ३० म्हणजे २७ पेक्षा जास्त, मग ठीकच. उणे आकड्यांपुढे ‘कमी’ आणि ‘जास्त’ हे शब्द सोडून द्यावेत. असं लिहावं: उणे चिन्ह सोडून आकडा वाचा; ८ ते २७ च्या मधे असेल तर डब्याला प्रकाश पुरतो; २५ च्या पुढे सरकायला लागला तर कळवून ठेवा; २७ च्या पुढे गेला तर तक्रार करा. वाचणाऱ्याच्या डोक्यात होणारी वजाबाकी लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवायची असते.

वायफायचा पासवर्ड बदलण्याचा लेख सगळ्यात जास्त वापरला जाणार आणि तोच तीन ठिकाणी अडकतो. पहिली जागा पत्त्याची. लेखात राउटरच्या पानाचा पत्ता देवनागरी अंकांत छापला आहे. इथे वाचण्यापुरतं १९२.१६८.१.१ असं लिहिणं चालेल, पण ब्राउझरमध्ये तो इंग्रजी अंकांतच टाइप करावा लागतो. मराठी कीबोर्डवरून तसाच टाकला तर पान उघडत नाही. शिवाय देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ यांची गल्लत होते ती वेगळीच. जे टाइप करायचं ते ज्या लिपीत टाइप करायचं त्याच लिपीत, वेगळ्या ठशात, आणि शेवटी पूर्णविराम न देता छापावं. पूर्णविरामही लोक टाइप करतात.

दुसरी जागा मोबाइल डेटाची. इंटरनेट बंद असताना फोन वायफायला जोडलेला असला तरी ‘इंटरनेट नाही’ म्हणत गुपचूप मोबाइल डेटावर जातो, आणि मग राउटरचं पान उघडतच नाही. पहिलीच पायरी ‘मोबाइल डेटा बंद करा’ अशी हवी. लेखात ती कुठेच नाही. तपासणीत हात सगळ्यात जास्त वेळा इथेच थांबला.

तिसरी जागा बटणांच्या भाषांतराची. राउटरचं पान इंग्रजीत आहे आणि लेख सांगतो ‘लागू करा’ दाबा. असं बटण पानावर नाही. तिथे ‘अप्लाय’ आहे. भाषेचा अभिमान आम्हालाही आहे, पण पडद्यावर जे छापलंय तेच लेखात यायला हवं, त्याच लिपीत आणि त्याच अक्षरांत, आणि पुढे हवा तर मराठी अर्थ. उलट फोनच्या सेटिंगबद्दल लिहिताना हे ध्यानात ठेवावं की अनेकांचा फोन मराठीत असतो. तिथे मेनूची मराठी नावंही द्यावी लागतील. ती फोनमधूनच पाहून लिहावीत, मनाने नव्हे.

पासवर्ड ‘अप्लाय’ केल्यावर काय होतं हेही या लेखात नाही. घरातले सगळे फोन, टीव्ही, कॅमेरे त्या क्षणी तुटतात, ज्या फोनवरून बदल केला तोसुद्धा. पान अर्ध्यात अडकतं आणि माणसाला वाटतं काहीतरी बिघडलं. ‘आता तुमचा फोन वायफायमधून बाहेर पडेल. नवा पासवर्ड टाकून पुन्हा जोडा’ असं एक वाक्य पायरीच्या आधी टाकलं की पुरे. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो आणि इंग्रजी अक्षरं, अंक, चिन्हं यांतूनच घ्यावा, हे मात्र लेखात नीट दिलंय.

वेग तपासण्याच्या लेखाची पाठ थोपटायला हवी. १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट) जोडणी घेतली तर फाइल सेकंदाला साधारण १२ मेगाबाइट उतरते, १०० नाही, कारण ८ बिट मिळून एक बाइट होतो. हे त्यात दोन ओळींत समजावलंय. वेग मोजताना राउटरच्या खोलीत बसा, २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडा, शक्य असेल तर वायरने मोजा, हेही आहे. फक्त एक भर घालावी: २०० एमबीपीएसच्या जोडणीवर वायरने मोजूनही आकडा ९४-९५ च्या वर जात नसेल, तर दोष बहुधा राउटर आणि संगणक जोडणाऱ्या लॅनच्या वायरचा किंवा ती खोचतात त्या पोर्टचा असतो. गिगाबिटसाठी (१००० एमबीपीएस) वायरमधल्या आठही तारा लागतात; एखादी तुटली की जोडणी अनेकदा निमूटपणे १०० वर येते. असे ‘दिसलं हे, तर कारण ते’ प्रकारचे तपशील ग्राहकाचा वेळ खरोखर वाचवतात.

नवा फोन जोडणे, पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय, बिल भरणे हे छोटे लेख चांगले आहेत. पाच-सहा पायऱ्या, सरळ भाषा.

राउटर कुठे ठेवावा हा लेख भाषांतरित आहे हे दुसऱ्याच ओळीत कळतं. अट वाक्याच्या शेवटी लटकते: ‘राउटर उंचावर ठेवा, जर सिग्नल कमी असेल तर.’ मराठी अट आधी सांगते, आणि सूचनांत तेच योग्यही आहे. ज्याला ती अट लागू नाही तो तिथूनच पुढच्या ओळीवर जातो. मजकुरात तळघर आणि गॅरेज आहे, पण वन बीएचकेच्या फ्लॅटमध्ये राउटर दारामागच्या लोखंडी इलेक्ट्रिक पेटीत बसवला जातो आणि सिग्नल तिथेच कोंडतो, हे नाही.

तक्रार नोंदवण्याच्या लेखात ग्राहक क्रमांक, दिव्यांची स्थिती आणि कधीपासून बंद, एवढं विचारलंय. शेजारच्या घरीही बंद आहे का, हा चौथा प्रश्न घालावा. एकाच घरचं बंद असेल तर दोष घरात किंवा मजल्यावरच्या पेटीत. आख्ख्या इमारतीचं गेलं असेल तर बाहेर, रस्त्याच्या खोदकामात किंवा गच्चीवर. आणि टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी एक ओळ: तंत्रज्ञाला शाफ्ट (इमारतीतून वायरी वर नेणारी उभी पोकळी) उघडावा लागतो, त्याची चावी सोसायटीच्या कार्यालयात असते आणि ते दुपारी बंद असतं. वेळ ठरवण्याआधी चावीची चौकशी करा. ही ओळ कुठल्याही भाषांतरातून येणार नाही, ती इथल्याच माणसाने लिहायला हवी.

सगळ्या लेखांना मिळून एक मोठी उणीव आहे: एकाही लेखावर तारीख नाही. राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की मेनू हलतो. पासवर्डच्या लेखातलं एक चित्र आजच्या पानाशी जुळत नाही आणि वाचणारा चित्रातलं बटण शोधत राहतो. ‘शेवटची तपासणी: अमुक महिना’ एवढं छापावं, आणि चित्र तिथेच द्यावं जिथे शब्दांनी जागा सांगता येत नाही. चित्रं कमी केल्याचा दुसरा फायदा असा की पान हलकं होतं. हे लेख इंटरनेट बंद असताना मोबाइल डेटावर उघडले जाणार आहेत. दोन लेखांत पायऱ्यांऐवजी नुसते व्हिडिओ आहेत. पायरी ४ ला अडकलेल्या माणसाला व्हिडिओत नेमकी ती जागा शोधावी लागते. व्हिडिओ ठेवा, पण लिखित पायऱ्यांच्या खाली.

छापील कार्ड मात्र उत्तम आहे. हाताच्या पंज्याएवढं, एका बाजूला दिव्यांचा तक्ता, दुसऱ्या बाजूला क्यूआर कोड आणि तक्रारीचा क्रमांक. इंटरनेट नसताना इंटरनेटची मदत वाचायला मिळते ती याच्यामुळे. ही जोडणी ज्यांच्याकडे आहे त्यांनी कार्ड ड्रॉवरमध्ये न टाकता राउटरशेजारी भिंतीला चिकटवावं, आणि कोऱ्या जागेत पेनाने तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: ग्राहक क्रमांक, ॲडॉप्टरचे व्होल्ट-अँपिअर, आणि ‘मागच्या छिद्रात टाचणी घालायची नाही’.